घरचं पहिलं पायताण

"खांद्यातनं मार," आबा म्हणाले. "मनगटातनं मारलंस तर गाव हसंल."

ते गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात खाली, हनुवटी वर, डोळे मिटलेले. मी उकिरड्यापाशी, हातात आईचं जुनं पायताण. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि जत्रा तोंडावर आली होती. मी मारलं. ते भिंतीला लागून म्हशीच्या पुढ्यात पडलं.

"घाबरतीस कशाला? मला लागायलाच पायजे. तुझ्या आईचा नेम बघितलाय न्हवं?"

बघितला होता. आईचा नेम साऱ्या तळगिरीत नावाजलेला होता. तळगिरी म्हणजे आमचं गाव, किल्ल्याच्या पायथ्याला. दर जत्रेत भैरोबाच्या देवळापुढं दुपारचा एक खेळ होतो. त्यात किल्ल्याचा सेनापती रत्नोजी खराडे शत्रूकडून मोहरांची थैली घेतो, दरवाजा उघडतो आणि राजे पडतात. शेवटी सेनापती एकटा मांडवाच्या फळ्यांवर कडेला येऊन उभा राहतो आणि गाव त्याला हाणतं. शेण, ढेकळं, सडकी वांगी, पायताणं. रत्नोजीचं काम करायचा मान आमच्या घराचा, कारण आम्ही त्याच्या वंशातले. मान हा शब्द गावाचा. आमच्या घरात त्याला कुणी काहीच म्हणत नसे. आणि रीत अशी, की पहिलं पायताण खराड्यांच्याच घरच्या बाईनं मारायचं. घरानंच त्याला टाकला, हे गावाला दिसलं पाहिजे. त्याआधी दुसऱ्या कुणी हात उचलायचा नाही.

आई वर्षानुवर्षं आबांना मारत आली आणि संध्याकाळी त्यांच्या अंगाला हळद लावत आली. लहानपणी मी तिच्यावर चिडायचे. एवढ्या जोरात कशाला मारतेस, म्हणायचे. ती म्हणायची, "घरचं जोरात बसलं की गावाचा हात हलका पडतो, बाई. मी कुरवाळत बसले तर गाव त्यास्नी फोडून काढंल."

त्या वर्षी माझं पायताण आबांच्या छातीवर बसलं. आवाज पार देवळाच्या पायरीपर्यंत गेला. पायरीवरचे म्हातारे म्हणाले, "आईची पोर शोभती." मग गावानं हसत-खेळत मारलं आणि लोक पाळण्यात बसायला गेले. हळद लावून घेताना आबा म्हणाले, "झ्याक मारलंस, उज्ज." बापाकडून असं कौतुक माझ्याशिवाय कुणाच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही.

दोनेक वर्षांनी टीव्हीवर ती मालिका आली.

मालिकेतला रत्नोजी उंचापुरा होता. डोळ्यांत काजळ, दंडावर पेटी, आणि तो बोलायला लागला की मागं तुतारी वाजायची. या रत्नोजीनं दरवाजा उघडलाच नाही. दरवाजा उघडला भाना नावाच्या दारवानानं. असा कुणी दारवान आमच्या खेळात कधी नव्हता. मालिकावाल्यांनी तो कुठून आणला ते त्यांनाच ठाऊक. रत्नोजी त्या उघड्या दरवाजात एकटा लढला आणि राजांचं नाव घेत पडला. तो पडला त्या दिवशी आमच्या आळीतल्या बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्याच बाया, त्याच हातांनी, जत्रेत आबांवर शेण टाकत होत्या.

गाव पालटायला वेळ लागला नाही. एसटी थांब्यावर सेनापतीचा फलक लागला. त्यात मालिकेतल्या नटाचं तोंड आणि खाली सरपंच संपतराव देशमाने, म्हणजे संपततात्या, हात जोडून. चौकाला सेनापतीचं नाव दिलं. पोरं डोक्यावर कागदाचे मंदील घालून काठ्यांनी मारामाऱ्या करू लागली. मला बघायला आलेले लोक पूर्वी चहा पिऊन जात आणि फितुराच्या घरची सून नको म्हणून मागनं निरोप धाडत. तेच आता पाहुण्यांकडून चौकशी करू लागले. मी त्यांना काय निरोप धाडला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि आबा! मालिका लागली की आबा टोपी काढून मांडी घालून बसत. जाहिराती लागल्या तरी हलत नसत. त्यांनी मिशा वाढवल्या. मालिकेतली वाक्यं पाठ केली आणि धार काढताना ती म्हशीला ऐकवायला लागले. एकदा मी गोठ्यात गेले तर रडत होते.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई. माझा बा ह्यो खेळ करून मेला. त्येचा बा बी. त्येनला कुनी सांगितलंच न्हाई गं, की त्यो चांगला हुता म्हनून."

मग मला परत भिंतीसमोर उभं केलं. ह्या खेपेला हातात झेंडूची माळ.

"औंदा पायतान न्हाई. औंदा घरच्या बाईचा पयला हार. दोनी हातांनी घालायचा. आन् मंदील पाडू नगंस."

मंदील म्हणजे आमच्या ट्रंकेतला जुना लाल मंदील आणि त्याच्यासोबतची बोथट तलवार. खेळाचा हा सरंजाम आमच्याच घरी असायचा. मी हार घातला. आबांनी डोळे मिटले नाहीत. त्यांना सवय होती मिटायची, तरी उघडे ठेवले. माझ्याकडे बघून हसले. एवढंच पाहिजे होतं त्या माणसाला. एकदा मान वर करून उभं राहायचं आणि अंगावर फुलं पडताना बघायची.

जत्रेची बैठक देवळात झाली. मी बायांच्या बाजूला खांबाला टेकून बसले. नामदेव मास्तर खेळ लिहीत आणि बसवीत. त्यांनी मालिकेप्रमाणं नवा खेळ लिहून आणला होता. तो वाचून झाला, टाळ्या झाल्या. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि जरा पुढं सरकून बसले.

संपततात्या म्हणाले, "तर सेनापतीचं काम आमचा रनजित करील."

रणजित तात्यांचा मुलगा. फटफटीवरून फिरणं हा त्याचा उद्योग. तो मान खाली घालून लाजल्यासारखं करत होता. कुणी हूं की चूं केलं नाही. बैठकीआधीच ठरलं असणार, हे मला तेव्हा कळलं.

आबा हसले. त्यांना थट्टा वाटली. "तात्या, ते काम आमच्या घराचं हाय."

"हुतं, जयसिंगा. आता सेनापती साऱ्या गावाचा झाला. एका घराला धरून कसं चालंल? रनजितची उंची बघ. घोड्यावर बसायचंय. तुला बघून कुनी सेनापती म्हनंल का?"

"शिव्या होत्या तवर आमच्या घराचा होता व्हय?" मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आबांना म्हणाले, "पोरीला आवर."

आबांनी मला हातानंच गप्प केलं. मग हळूच म्हणाले, "तात्या, मी सगळी वाक्यं पाठ केल्यात."

लोक हसले. मला वाटलं, ह्या देवळाचं छत आता ह्यांच्या डोक्यावर पडावं. पडलं नाही.

मास्तर घसा खाकरत म्हणाले, "जयसिंगराव, एक काम हाय की. भाना दारवान. त्यो फितूर. शेवटी लोक मारनारच. त्यास्नी सवय लागलीय, त्याबिगर खेळ झाल्यासारखा वाटायचा न्हाई. ते काम दुसरं कोन करनार? पोरं तयार न्हाईत."

"तुला सवय हाय," तात्या म्हणाले. "आन् गावाच्या हाताला तुझी सवय हाय."

लोक पुन्हा हसले. आबांनी टोपी नीट केली. आता ते उठतील आणि आम्ही दोघं घरी जाऊ, असं मला वाटलं.

आबांनी विचारलं, "आन् पयलं पायतान कुनाचं?"

"खराड्यांच्याच घरचं. रीत ती रीत."

"बरं," आबा म्हणाले.

वाटेत मी त्यांना सोडलं नाही. "तो भाना आपला कोन लागतो? कुठल्या नात्यानं मारायचं मी?"

"आता लागला."

"आबा, नगा जाऊ. त्यांना दुसरा गावायचा न्हाई. होऊ दे फजिती."

"जत्रंला खराड्यांचा मानूस तिथं उभा ऱ्हायला पायजे, उज्ज. न्हाईतर आपुन हाय कोन ह्या गावात? दोन म्हशी आन् एक पडकी भित." मग थांबून म्हणाले, "जोरात मार मातुर. औंदा लोक लई रडल्यात त्या मालिकेपायी."

जत्रेच्या सकाळी तात्यांची माणसं आमच्या दारात आली. मंदील आणि तलवार न्यायला. आबांनी ट्रंक उघडली. मंदील झटकला, त्याची घडी सारखी केली, आणि दोन्ही हातांनी दिला. मी चुलीपाशी बसून हे बघत होते. मला इतका राग आला होता की भाकरी करपली ते धूर झाल्यावर कळलं.

दुपारी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. रणजित भाड्याच्या घोड्यावरून आला. हातातलं घड्याळ काढायला विसरला होता. तलवार उपसताना ती म्यानातच अडकली, मग मास्तरांनी मागून ओढली. वाक्यं मास्तर पडद्याआडून सांगत आणि हा अर्धी खाऊन म्हणे. तरी लोक रडले. लोक रणजितला बघतच नव्हते, टीव्हीतल्याला बघत होते. तो पडला, परत उठला, आणि घोड्यावर बसून मांडवाच्या बाजूला थांबला, कारण हार घ्यायचा होता. तात्यांच्या घरच्या बाईनं, म्हणजे रणजितच्या बायकोनं, त्याला पहिला हार घातला. एका हातानं. मंदील कलला. मी बघितलं आणि आबांनीही बघितलं. ते फळ्यांच्या मागं, अंगात फाटकी बंडी घालून आपल्या पाळीची वाट बघत उभे होते.

मग मास्तर ध्वनिक्षेपकावर ओरडले, "आता फितूर भाना दारवान!"

आबा कडेला येऊन उभे राहिले. हात खाली, हनुवटी वर. त्यांनी काम असं केलं होतं, की दरवाजा उघडताना माझ्या मागची एक म्हातारी तळतळाट देत बोटं मोडायला लागली होती. सगळ्यांच्या मुठी भरलेल्या होत्या. इतकी ढेकळं मी कुठल्याच वर्षी बघितली नव्हती.

"खराड्याची लेक!" मास्तर म्हणाले.

कुणीतरी पितळी ताटात पायताण आणून माझ्यापुढं धरलं. मी ते घेतलं. आबांनी डोळे मिटले.

मी पायताण खाली ठेवलं.

"मार की गं," मागची म्हातारी म्हणाली.

"न्हाई मारनार."

ध्वनिक्षेपक खरखरला. तात्या खुर्चीतून उठले. "ए, काय चाललंय? रीत हाय ती."

मी मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रीत मला ठावं हाय. सेनापती आमच्या घरचा हुता, म्हनून पायतान आमच्या घरचं हुतं. आता सेनापती तुमच्या घरी नेलासा. हार तुमच्या घरच्या बाईनं घातला. मग दारवानालाबी तिलाच मारू दे. ह्यो दारवान माझा कुनी न्हाई. माझा बा हाय त्यो."

गावाचे हात वर तसेच राहिले. घरच्या बाईच्या आधी हात सोडायचा नाही, हे सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की कुणाला काय करावं कळेना. रणजितच्या बायकोनं पदर तोंडावर घेतला. घोडा ऊन लागून पाय आपटत होता. कुणीतरी म्हणालं, "पोरगी बराबर बोलती." थोडा वेळ, खरंच थोडाच वेळ, मला वाटलं आम्ही जिंकलो. लोक आता मुठी उघडतील आणि पाळण्याकडं जातील.

"उज्ज," आबांनी हाक मारली. डोळे उघडले होते. "मार, बाई. खेळ अडलाय."

मी मान हलवली.

आबा वाकले. पायातलं पायताण काढलं आणि स्वतःच्या गालावर मारलं. आवाज झाला नाही. लोक बघत राहिले. त्यांनी पुन्हा मारलं, जोरात, मग आणखी जोरात, नाकातून रक्त येईपर्यंत. मग त्यांनी ते पायताण गावाला दाखवलं, खेळात थैली दाखवतात तसं हात उंच करून.

"घरचं बसलं!" मास्तर ओरडले.

आणि गाव सुटलं. आजवर कधी सुटलं नव्हतं असं सुटलं. घरची बाई मारत नाही म्हणजे घर फितुराला सामील, असंच त्यांना वाटलं असणार. काही पोरांनी माझ्यावरही ढेकळं टाकायला सुरुवात केली. दरवर्षी आबा डोळे मिटून उभे राहत, आता मात्र त्यांनी उघडे ठेवले होते. माझ्याकडं बघत हातानं खुणावत होते, मागं सरक, मागं सरक. त्यामुळं ते ढेकूळ त्यांना दिसलं नाही. त्यात दगड होता.

आबांचा डावा डोळा गेला. दवाखान्यात तात्या नारळ घेऊन आले. खाटेशेजारी बसून म्हणाले, "जयसिंगा, असं काम आजवर कुनी केलं न्हाई. लोक अजून तुझंच नाव काढत्यात." आबांच्या पट्टीखालच्या तोंडावर हसू आलं. मी नारळ खिडकीतून बाहेर फेकला. लोक मला विचारतात, तू मारलं असतंस तर डोळा वाचला असता का? मी सांगते, ढेकूळ ज्यानं फेकलं त्याला विचारा. त्याचं घर मला ठाऊक आहे.

पुढं बऱ्याच वर्षांनी सिनेमा आला. मोठा, तालुक्याला दोन-दोन टॉकीजना लागला. त्यातला रत्नोजी पुन्हा फितूर होता. तोंडाला व्रण, मोहरा दातांनी चावून बघायचा आणि दरवाजा उघडताना खदाखदा हसायचा. लोक टॉकीजमध्ये पडद्यावर चपला फेकून आले. आठवडाभरात थांब्यावरचा फलक उतरला. चौकातल्या पाटीवर चुना फिरला. रणजितनं सेनापतीसारखी राखलेली दाढी काढली आणि सेनापतीचं नाव घेतलं की दुसरीकडं बघायला लागला.

जत्रेच्या तोंडावर तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. आता म्हातारे झाले होते, काठी आली होती. सोबत मास्तर. मास्तरांनी पिशवीतून लाल मंदील काढून आबांच्या पुढ्यात ठेवला. इतकी वर्षं तो तात्यांच्या घरी पडून होता, उंदरांनी कडा कुरतडल्या होत्या.

"तुमची वस्तू तुमच्याकडं," तात्या म्हणाले. "शेवटी सेनापती खराड्यांचाच."

"उचला ते आधी," मी म्हणाले. हातात उकळत्या चहाचं भांडं होतं. मी काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. "उचला आन् चालते व्हा."

तात्या उठायला लागले. पण आबांचा हात पुढं गेला होता. उरलेल्या डोळ्यालाही आता कमी दिसायचं; त्यांनी चाचपून मंदील उचलला, झटकला, डोक्याला घातला. तो गेलेल्या डोळ्याच्या बाजूला उतरला.

"सरळ हाय का गं?" आबांनी विचारलं.

दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. ताठ बसले होते. मिशीवरून हात फिरवत होते. इतकी वर्षं ते ओट्यावर कशाची वाट बघत बसत, ते मला तेव्हा कळलं. त्यांना फुलं नको होती आणि न्यायही नको होता. त्यांना त्यांचा सेनापती परत पाहिजे होता, कसाही.

मी भांडं खाली ठेवलं आणि मंदील सरळ केला.

ती माणसं गेल्यावर आबा भिंत धरत धरत गोठ्याकडं गेले. मी मागं गेले. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हात खाली, हनुवटी वर. एकच डोळा होता, तो मिटला.

"खांद्यातनं," म्हणाले.

मी पायातलं पायताण काढलं आणि छातीवर मारलं. आबा जरा हलले.

"आनी जोरात."

मी आणखी जोरात मारलं.